विकायच्या घरातला ओटा

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय शैला,

स्वयंपाकघर नवं करून मगच घर विका, असं तू त्या दिवशी फोनवर इतकं जीव तोडून सांगितलंस की मला लगेच नाही म्हणवेना. नंतर आम्ही दोघांनी त्यावर बराच खल केला. आता आमचं ठरलं आहे आणि ते तुझ्या सल्ल्याच्या उलट आहे, म्हणून नीट लिहूनच कळवते. फोनवर आकडे सांगायला घेतले की अर्धे राहूनच जातात.

तू इकडे येऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आधी घराची आजची स्थिती सांगते. इमारत १९८९ची, तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही सगळ्यात वर. विकायचं कारण तेवढंच. ह्यांच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. दळण आणायला उतरायचं म्हटलं तरी ते आधी कठडा घट्ट धरतात, मग पहिलं पाऊल टाकतात. मला ते बघवत नाही. अनुजाच्या जवळपास, लिफ्ट असलेलं घर आम्ही बघतोय.

स्वयंपाकघर मात्र तू पाहिलं होतंस तसंच आहे. काळ्या कडप्प्याचा ओटा, मागे दोन फुटांपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाइल्स, ओट्याखाली कडप्प्याचेच खण, जमिनीला मोझॅक. टाइल्समधल्या फटी पिवळ्या पडल्या आहेत. गॅसच्या डाव्या हाताला, जिथे मी इतकी वर्षं लिंबं चिरली, चिंच कोळली, आमसुलं भिजत घातली, तिथली चकाकी साफ गेली आहे. कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, आंबट सांडलं की वरचा थर खाल्ला जातो. खोबरेल तेलाचा हात फिरवला की दोन दिवस काळाभोर दिसतो, मग राखाडी डाग पुन्हा वर येतात. पण शैला, ओट्याखालचे ते खण बघ. इतक्या वर्षांत पाणी सांडलं, डबे आपटले, एक लादी हललेली नाही. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने केलेल्या प्लायच्या ट्रॉल्या सिंकखाली फुगल्या, त्यांची दारं आता नीट लागत नाहीत.

एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, हे सगळं फोडा, मॉड्युलर करा, पाच लाख जास्त मागू." तुझंही तेच म्हणणं होतं, म्हणून मी अंदाज मागवला. एल आकाराचा ग्रॅनाइटचा ओटा, पाण्याला टिकणाऱ्या (बीडब्ल्यूपी) प्लायच्या ट्रॉल्या, वर कपाटं, चिमणी, छतापर्यंत टाइल्स मिळून ३ लाख ४० हजार. राडारोडा पोत्यांत भरून तीन मजले खाली न्यायची मजुरी वेगळी. ग्रॅनाइटच्या लाद्या खांद्यावरून वर चढवायची मजुरीही वेगळी. मुदत दीड महिना. म्हणजे चार लाख धरून चाल. चार घालून पाच मिळत असतील तर एक लाख फायदा, असं कागदावर दिसतं. पण ते पाच लाख देणार कोण, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

तुझ्या सांगलीच्या घराचा अनुभव खोटा नाही, ते मी मनापासून मानते. पण ते घर बैठं होतं आणि घेणारं जोडपं निवृत्त होतं. त्यांना आल्या दिवशी गॅस लावून चहा करायचा होता, घरात गवंडी नको होते. आमच्याकडे तशी माणसं येणारच नाहीत. लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यावर निवृत्त माणूस कशाला घर घेईल? आमच्याकडे येतात ती तरुण जोडपी, आणि त्यांच्या डोक्यात स्वतःचं स्वयंपाकघर आधीच तयार असतं.

एक मुलगी आली होती, आयटीमधली. दिवाणखाना उभ्या उभ्या बघितला आणि थेट सिंकखाली वाकली. मोबाइलचा टॉर्च लावून पाइप बघितले, नळ सोडून पाण्याला जोर किती आहे ते बघितलं, मग भिंतीवर नजर फिरवून मला विचारलं, "काकू, पंधरा अँपिअरचे पॉइंट किती आहेत इथे?" आहे एकच. तिला मायक्रोवेव्ह, इंडक्शन, डिशवॉशर, सगळं लावायचं होतं. ओट्याबद्दल ती एवढंच म्हणाली की तो आम्ही फोडणारच आहोत. दुसरे एक गृहस्थ मोबाइलवर होकायंत्र लावून आले. शेगडी आग्नेयेला आहे, पण स्वयंपाक करताना तोंड दक्षिणेला होतं, तेव्हा ओटा पूर्वेच्या भिंतीला घ्यावा लागेल, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आता विचार कर, मी चार लाखांचा ओटा दक्षिणेच्या भिंतीला बांधून ठेवला असता तर? त्यांनी तो फोडला असता, किंवा फोडायचा खर्च माझ्या किमतीतून वजा मागितला असता.

ह्यांनी मात्र एक मुद्दा काढला होता, आणि तो मला बरेच दिवस पटत होता. ते म्हणाले, घर घेणाऱ्याकडे रोख पैसा उरत नाही. ८५ लाखांना सौदा झाला असं धर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ६८ लाख. १७ लाख त्याने घालायचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, मेट्रोचा अधिभार धरून, म्हणजे ५ लाख ९५ हजार. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. नोंदणीचे ३० हजार. झाले सव्वातेवीस लाख, त्यात एजंट आणि सामान हलवणं आलंच नाही. असा माणूस वर चार लाखांचं स्वयंपाकघर कुठून करणार? तेव्हा आपण करून दिलं तर त्याचे पैसे घराच्या किमतीत जातील आणि तो वीस वर्षांच्या हप्त्यांत फेडेल. त्याचीही सोय, आपलीही.

मुद्दा चांगला आहे. पण माझ्या भाच्याने बँकेत इतकी वर्षं घरकर्जाचं काम केलं आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, मामी, बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, येतो तो क्षेत्रफळ बघतो, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट, आजूबाजूचे सौदे बघतो. ट्रॉल्यांचे पैसे बँक सहसा धरत नाही. आणि करारातली किंमत आणि व्हॅल्युअरची किंमत यांत जी कमी, तिच्यावर कर्ज बसतं. म्हणजे त्या स्वयंपाकघराचे पैसे घेणाऱ्याला शेवटी खिशातूनच काढावे लागणार. सरकारच्या रेडी रेकनरमध्येही, म्हणजे घरांच्या दरांच्या तक्त्यातही, ओटा कडप्प्याचा की ग्रॅनाइटचा, याला रकाना नाही. हे ऐकल्यावर हेही गप्प झाले. वनाज मेट्रो स्टेशन किती लांब, लिफ्ट आहे का, पार्किंग कुणाच्या नावावर, भाव यावर ठरतो. त्यातलं काहीही माझ्या स्वयंपाकघरात नाही.

शिवाय पुनर्विकास. आमच्या गल्लीतल्या जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जातायत. आमच्या सोसायटीत अजून ठराव झालेला नाही, पण सभेत विषय निघतो. उद्या झालाच तर बिल्डर मोजतो ते कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ. त्यावर किती टक्के जास्त द्यायचं याची घासाघीस होते, आणि ग्रॅनाइट इमारतीबरोबर ढिगाऱ्यात जातो. घर बघायला येणाऱ्यांतले काही जण तर त्याच हिशोबाने येतात. ते स्वयंपाकघराच्या दारातही उभे राहत नाहीत.

आयकराचं तू विचारलं होतंस. घरात केलेल्या सुधारणेचा पक्क्या बिलांचा खर्च नफ्यातून वजा होतो हे खरं आहे, पण चिमणीसारख्या वस्तू त्यात धरत नाहीत. आणि आम्हाला तसाही त्याचा उपयोग नाही. विकून येणारा नफा आम्ही दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरातच घालणार आहोत, त्यामुळे कर बहुतेक लागणारच नाही.

आता ज्याने मला खरी झोप लागत नव्हती ते सांगते. आमच्या सिंकखालच्या कोपऱ्यातून खालच्या वहिनींच्या छताला ओल उतरते. आधी तळहाताएवढी होती, आता पंख्याच्या हुकापर्यंत पोचली आहे, रंगाचे पोपडे त्यांच्या भांड्यांवर पडतात. एजंट म्हणाला, त्यांच्याकडे एक हात रंग मारून द्या, घर घेणारा खालच्या मजल्यावर कशाला बघायला जातोय. मला त्याचा राग आला. तरुण जोडपं आयुष्याची जमवलेली पुंजी घालून घर घेणार, आणि राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या बाई तक्रार घेऊन दारात उभ्या राहणार. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही विकणाऱ्यावर जबाबदारी आहे की घेणाऱ्याला साध्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष त्याला सांगायचा. कायदा नसता तरी मी सांगितलंच असतं.

प्लंबर चांगला माणूस मिळाला. त्याने नाहणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतून पाणी खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड कापडाचा बोळा घालून बंद केलं, कोपऱ्यात पाणी साठवलं आणि भिंतीवर पाण्याच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारून गेला. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली बोटभर उतरलेलं. ट्रॅपच्या भोवतीचं सिमेंट सुटलं होतं. मग त्याने नळाची जाळी काढून माझ्या हातावर झटकली, तांबूस खपल्या पडल्या. जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची लाइन आतून गंजली आहे, त्या आयटीमधल्या मुलीला पाण्याचा जोर कमी वाटला तो त्यामुळेच.

तेव्हा आम्ही करतोय ते असं. सिंकखालच्या कोपऱ्यातली फरशी तेवढी काढायची, नवा ट्रॅप बसवायचा, वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खाली वहिनींच्या घरात जाऊन छताला हात लावून बघायचं. तिथे मोझॅक जुळणारी मिळत नाही, म्हणून कडप्प्याचा तुकडा टाकणार. पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकची. पंधरा अँपिअरचे दोन पॉइंट वाढवायचे, अर्थिंग तपासून घ्यायचं, जादा भार आला की वीज तोडणारा एमसीबी बदलायचा. टाइल्सच्या फटी खरवडून नव्याने भरायच्या. आणि मोझॅकला मशीन पॉलिश. त्या फरशीचं मला अजून कौतुक वाटतं. घासून काढली की आतले पांढरे, काळे, विटकरी खडे पुन्हा दिसायला लागतात, आजकालच्या टाइल्सना ते जमत नाही. हे सगळं मिळून एक लाखाच्या आत बसतंय. वहिनींच्या छताचा रंग आम्ही देणार आहोत, ओल पूर्ण सुकल्यावर. प्लंबरची, इलेक्ट्रिशियनची बिलं एका फायलीत ठेवून घर घेणाऱ्याच्या हातात देईन, आणि काय खराब होतं, काय बदललं, ते तोंडाने सांगेन. ओटा आहे तसा राहील. भाव थोडा कमी आला तरी चालेल, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं आहे.

तू म्हणालीस, "मंगल, आयुष्यभर त्या ओट्यावर राबलीस, जाता जाता तरी महिनाभर चांगल्या स्वयंपाकघरात स्वयंपाक कर." शैला, तेव्हा मला फोनवर बोलता येईना. हे फक्त तूच म्हणू शकतेस. दर वेळी नवा ओटा करायचा म्हटलं की अनुजाची फी आली, सासूबाईंचं ऑपरेशन आलं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण म्हणूनच मला तो आता दुसऱ्या कुणासाठी, महिनाभर वापरून सोडून देण्यासाठी करायचा नाही. वाचलेले तीन लाख मी नव्या घराच्या स्वयंपाकघरासाठी बाजूला ठेवले आहेत, आणि ह्यांनी त्याला हातही लावायचा नाही असं कबूल केलं आहे.

तिथे मला सगळ्यात आधी ओट्याची उंची हवी. इथला ओटा जेमतेम ३० इंच आहे. कणीक मळताना मला वाकावं लागतं आणि रात्री कंबर धरते, हे तुला ठाऊक आहेच. कारागीर म्हणतो ३२ घ्या, सगळे तेवढाच घेतात. मला ३४ किंवा ३५ हवा असं वाटतंय, पण पोळपाटावर जोर देता आला पाहिजे, म्हणून नुसत्या अंदाजाने ठरवायचं नाही. आपण दोघी उंचीला सारख्या. तुझ्या नव्या ओट्यावर तुला पोळ्या लाटताना खांदे भरून येत नाहीत असं तू मागे म्हणाली होतीस. तर टेप घेऊन फरशीपासून ओट्याच्या वरच्या कडेपर्यंत मोज, आणि शेगडी ओट्यावर ठेवलेली आहे की खाचेत बसवलेली तेही कळव, कारण वर ठेवली की कढईची उंची चार-पाच इंचांनी वाढते. सिंकची खोलीही बघ, कुकर आत आडवा मावतो का ते. पुढच्या आठवड्यात कारागिराला माप द्यायचं आहे, त्याआधी फोन कर.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
मंगल