हेल्थ सेंटरात माणसं चांगली आहेत, त्यांना एकत्र बसायला वेळ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्यातल्या सरकारी हेल्थ सेंटरबद्दल पेपरात जी पत्रं येतात ती बहुतेक डॉक्टर कमी, औषध संपलं, रांग मोठी अशीच असतात आणि ती खरीच असतात, पण मला आज सेंटरमधली माणसं आपापसात किती बोलतात याबद्दल लिहायचंय, कारण पेशंटचं बरंचसं तिथेच अडतं असं मला वर्षानुवर्षं सासूबाईंना घेऊन जाताना दिसतंय.

सासूबाईंना शुगर आणि बीपी दोन्ही. आधी केस पेपर, मग सिस्टर बीपी बघते, मग डॉक्टर, मग रक्त द्यायला लॅब, मग औषधाची खिडकी. प्रत्येक जण आपलं काम नीट करतो, बोलायलाही चांगली माणसं आहेत. पण सिस्टरने पायाची जखम बघून "डॉक्टरना दाखवा हां आजी" म्हटलेलं डॉक्टरांपर्यंत जातच नाही, कारण आत गेल्यावर मागे ओळ बघून सासूबाई घाबरतात आणि गोळ्या लिहून घेऊन बाहेर येतात. लॅबचा रिपोर्ट तयार होतो तेव्हा डॉक्टर दुसऱ्या सबसेंटरला कॅम्पला गेलेले असतात. घरी येणाऱ्या एमपीडब्ल्यूला (घरोघर फिरणारा आरोग्य कर्मचारी) माहीत असतं की म्हातारी गोळ्या एक दिवसाआड घेते, पण ते त्याने कोणाला आणि कधी सांगायचं? सगळे निरोप पोचवायचं काम शेवटी पेशंटवर येतं. सासूबाई म्हणतात, "कोणाक कितें सांगपाचें तेंच कळना." सत्तरीपार केलेल्या बाईने हे सगळं लक्षात ठेवायचं ही अपेक्षाच चुकीची आहे.

उलट उदाहरणही सांगते. आमच्या शेजारच्या काकांना खासगी डॉक्टरने एक शुगरची गोळी दिलेली आणि सेंटरमध्ये वेगळ्या नावाची दुसरी, काका दोन्ही घेत होते आणि सकाळी घाम सुटून हातपाय थरथरायचे. औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने पिशवीतली दोन्ही पाकिटं बघितली, दोन्हीत औषध एकच, तो खिडकी सोडून स्वतः डॉक्टरांकडे गेला आणि डॉक्टरांनीही त्याचं ऐकून लगेच एक गोळी बंद केली. शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवावरही बेतू शकतं. काका त्या दिवशी वाचले कारण तो माणूस तसा होता आणि डॉक्टरही तसे होते. रोज तसंच होईल अशी काही सोय सेंटरमध्ये नाही.

आणि गोव्यात हा विषय लहान नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) जो मोठा मधुमेहाचा अभ्यास आला त्यात सगळ्या राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के, आणि देशाचं प्रमाण ११.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे मोठ्या माणसांत चारातल्या एकाला शुगर. शुगरमध्ये डोळे, पाय, किडनी सगळंच बघावं लागतं, त्यात टीबीचा धोकाही दोन-तीन पट वाढतो, गुडघेदुखीची गोळी रोज घेतली तर किडनीवर आणखी ताण. हे सगळं एकटा डॉक्टर ओपीडीच्या दोन-तीन मिनिटांत कसं बघणार? पाय सिस्टरने बघायचे, गोळ्यांची सरमिसळ फार्मासिस्टने, घरी जेवण काय आणि गोळी घेतात का ते एमपीडब्ल्यूने, आणि मग हे सगळं एका जागी यायला पाहिजे.

हे होऊ शकतं हे गोव्यानेच जगाला दाखवलंय आणि आपल्यालाच त्याची आठवण नाही याचं मला फार वाईट वाटतं. संगात या आपल्या इथल्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्यासोबत मानस नावाचा प्रयोग केला होता, गोव्यातल्या २४ दवाखान्यांत, अर्धी सरकारी सेंटरं आणि अर्धे खासगी डॉक्टर. उदासी, चिंता असलेल्या पेशंटसाठी त्यांनी तिथे टीम बांधली. समुपदेशक म्हणून इथल्याच पदवीधर बायका घेतल्या, वैद्यकीय शिक्षण काही नाही, दोन महिन्यांचं ट्रेनिंग दिलं, सोबत सेंटरचा डॉक्टर आणि अधूनमधून येणारा मानसोपचार तज्ज्ञ. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात निकाल छापून आला. सरकारी सेंटरांत सहा महिन्यांनी टीमकडच्या पेशंटपैकी शंभरात सुमारे ६६ बरे झालेले आणि नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र फरक जवळपास नव्हता. मला वाटतं खासगी डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतो, थोडं बोलतो, म्हणून तिथे आधीच बरं चाललं असेल, आणि टीमची खरी गरज सरकारी सेंटरलाच आहे.

आमच्या सत्तरी तालुक्यातल्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये पाळी गावात माकडताप आला तेव्हा काजूच्या दिवसांत बागायतीत जायला लोक भीत होते. गोचीड चावून होणारा रोग, म्हणजे एकट्या डॉक्टरने काय करायचं? मेलेलं माकड दिसलं की गावातल्या माणसाने कळवायचं, वनखातं आणि जनावरांचे डॉक्टर यायचे, आजूबाजूला फवारणी, आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन अंगाला लावायचं तेल द्यायचे आणि ताप कोणाला आहे ते विचारायचे, रक्ताचे नमुने मणिपालला तपासायला. जंगलातली खबर आणि सेंटरमधला ताप एकत्र जोडल्याशिवाय काही कळलंच नसतं. हार्ट अटॅकचंही तसंच, स्टेमी योजनेत सेंटरमध्ये ईसीजी काढतात, तो बांबोळीच्या सरकारी मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयरोग तज्ज्ञांकडे जातो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच सेंटरमध्ये देऊन मग १०८ अ‍ॅम्ब्युलन्सने पुढे नेतात. तिथे कोणी म्हणत नाही की हे माझं काम नाही. मग शुगर-बीपीच्या पेशंटसाठी का नाही, तो हळूहळू मरतो म्हणून?

माझी मागणी साधी आहे. ओपीडी सुरू व्हायच्या आधी रोज पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र बसावं, डॉक्टर, सिस्टर, एएनएम (गावात फिरणारी नर्स), एमपीडब्ल्यू, लॅबवाले, फार्मासिस्ट, आणि ड्रायव्हर व अटेंडंटसुद्धा, कारण कोण पेशंट अर्ध्यातून परत गेला हे बऱ्याचदा अटेंडंटलाच माहीत असतं. काल कोणाचा रिपोर्ट वाईट आला, कोण औषध न्यायला आलं नाही, बांबोळीहून कोण डिस्चार्ज होऊन घरी आलंय, एवढंच बोलायचं आणि कोणी काय करायचं ते तिथेच ठरवायचं. ही पंधरा मिनिटं ड्युटीत धरली पाहिजेत, नाहीतर चार दिवस होईल आणि बंद पडेल. रांग आधीच मोठी आहे असं म्हणतील, पण ज्या पेशंटला निरोप न मिळाल्यामुळे तीनदा यावं लागतं तोच तर रांग वाढवतो.

दुसरं म्हणजे सिस्टरने किंवा एमपीडब्ल्यूने काही सांगितलं तर ते ऐकलं गेलं पाहिजे. आपल्याकडे डॉक्टरसमोर बोलायची हिंमत ज्युनियर स्टाफला होत नाही हे मी डोळ्यांनी बघितलंय, औषध चुकतंय असं वाटूनही गप्प बसलेली माणसं बघितलीयत. हे बदलायला मेडिकल ऑफिसरनेच मीटिंगमध्ये सगळ्यात आधी एएनएमला विचारायला सुरुवात केली तरी खूप होईल.

आणि डेप्युटेशनवर माणसं इकडून तिकडे हलवणं कमी करा. एक सिस्टर गावातल्या घरांची नावं शिकते तोवर तिला दुसऱ्या तालुक्यात पाठवतात, लॅबवाला आठवड्यातले काही दिवस एकीकडे आणि काही दिवस दुसरीकडे. अशाने ओळखच होत नाही, टीम कसली होणार?

आरोग्य खात्याने सगळीकडे एकदम करू नये, प्रत्येक तालुक्यातलं एकेक सेंटर घ्यावं, सहा महिने करून बघावं, किती शुगरचे पेशंट नियमित येतात आणि किती जणांची शुगर ताब्यात आली ते आधी आणि नंतर मोजावं, आणि जो आकडा येईल तो चांगला असो वा वाईट, आपल्यासारख्या पेपरात छापायला द्यावा.

आपली,
एक वाचक, सत्तरी