दर रविवारी या म्हणता, पण मराठी मिस्सा कधी असते तेही सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

मी अंधेरी पूर्वेला गावठाणात राहते, आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक, घरात मराठीच बोलतो आणि तुमचा पेपर माझ्या सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे येतो. मागच्या महिन्यात नात्यातल्या एका बाळाचा बाप्तिस्मा होता, तिथे जेवताना विषय निघाला की कॅथलिक माणसानं मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, किती वेळा जायचं, आणि जो वाद पेटला तो आईस्क्रीम येईपर्यंत थांबला नाही. एक दीर म्हणाले नाताळ आणि ईस्टरला गेलं की झालं, देव काय हजेरी घेतो का. एक मावशी म्हणाल्या रोज जायलाच पाहिजे. तिसरा म्हणाला, वर्षातून एकदा असा नियम आहे, मी वाचलंय. मी बारा वर्षं संडे स्कूलला शिकवलंय, त्यामुळे गप्प बसवेना, पण तिथे कोण ऐकून घेणार, म्हणून हे पत्र.

नियम तसा सरळ आहे. १९८३ च्या कॅनन लॉमधलं, म्हणजे चर्चच्या कायद्यातलं, कलम १२४७ सांगतं की दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना मिस्सेत भाग घ्यायचा. आपल्याकडे हे सण म्हणजे नाताळ आणि १५ ऑगस्टचा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. ते "वर्षातून एकदा" आलंय १२१५ सालच्या लॅटरन परिषदेतून, म्हणजे रोममधल्या धर्मसभेतून, पण ते ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, कम्युनियन, घेण्याबद्दल आहे, की निदान ईस्टरच्या दिवसांत एकदा तरी घ्या, मिस्सेला यायच्या नियमाशी त्याचा संबंध नाही, दोन्हीची सरमिसळ होते. आणि रोजची मिस्सा कोणावरच बंधनकारक नाही. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी रोज ख्रिस्तशरीर घ्यायला लोकांना उत्तेजन दिलं, तोपर्यंत साधी माणसं वर्षातून थोड्याच वेळा घ्यायची, पण ते उत्तेजन होतं, सक्ती नव्हे. मावशी रोज जातात त्याचा मला आदरच आहे. आमच्या शेजारच्या बाई कित्येक वर्षं दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, मरियामातेच्या खास प्रार्थनेला, जातात, पाऊस असो काही असो, आणि रविवारी घरी असतात. त्यांना मी एकदा समजावून सांगितलं की बुधवार रविवारच्या जागी चालत नाही, तर त्यांना खरंच माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं.

अजून एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, ती म्हणजे शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, कलम १२४८, आणि ती कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते, आपल्याच पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, पाहिजे असं काही नाही. मुंबईत हे सोन्यासारखं आहे. माझी मुलगी नर्स आहे, महिन्यात दोन तरी रविवार ड्युटी, सकाळची शिफ्ट असली की पावणेसहाला घर सोडते आणि परत येते तेव्हा पाय सुजलेले असतात, त्यात मेगाब्लॉक असला तर विचारूच नका. तिला एका जाणत्या माणसानं, नाव घेत नाही, चर्चच्या आवारात चार लोकांसमोर ऐकवलं की पैशासाठी देवाला विसरलीस. ती घरी येऊन काही बोलली नाही, युनिफॉर्म भिजत घातला आणि बादलीपाशी बसून राहिली. तीन आठवडे ती कम्युनियनला पुढे गेली नाही, मी विचारलं तर म्हणे मी पापात आहे ना. अहो, कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकात, स्पष्ट लिहिलंय की आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशी गंभीर कारणं असली तर बंधन राहत नाही, दोष आहे तो जाणूनबुजून टाळण्यात. तान्ह्या बाळाच्या आईला सूट आहे तर आयसीयूतल्या पेशंटपाशी उभी असलेली मुलगी दोषी कशी? ज्यांना खरंच शक्य नाही त्यांनी घरी, कुटुंबात किंवा एकट्यानं प्रार्थना करावी असंही त्याच १२४८ मध्ये पुढे आहे. मॉलमध्ये उभ्या राहणाऱ्या मुली, वॉचमन, बेस्टचे ड्रायव्हर, सगळ्यांचा रविवार असाच जातो. त्यांना रागवण्याआधी शनिवारच्या मिस्सेची वेळ सांगा ना.

आता माझ्या आईबद्दल, खरं तर पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलंय. ती ८१ वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. तिला इंग्रजी कळत नाही. आमच्या चर्चमध्ये रविवारी इंग्रजी मिस्सा तीन आहेत आणि मराठी महिन्यातून एकदा, तीही दुपारी चारला, मे महिन्यात त्या उन्हात तिला रिक्षापर्यंत चालवत न्यायचं म्हणजे माझाच जीव वर येतो. तरी ती दर रविवारी येते, इंग्रजी मिस्सेला. लुगडं नेसून, चष्मा पुसून, दुसऱ्या बाकावर. फादर इंग्रजीत काही म्हणाले आणि सगळ्यांनी उत्तर दिलं की आई तेच हळू आवाजात मराठीत म्हणते, जरा मागे पडते आणि बाकीचे संपले तरी तिचं चालूच असतं, पुढच्या बाकावरची पोरं वळून बघतात. प्रवचनाच्या वेळी ती जपमाळ ओढते कारण दुसरं करणार काय. ती लहान असताना सगळं लॅटिनमध्ये होतं, मी विचारलं तेव्हा तरी काय कळायचं गं, तर म्हणाली तेव्हा कोणालाच कळायचं नाही, आता फक्त मलाच कळत नाही. चर्चच्या जागतिक धर्मसभेनं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, १९६३ मध्ये लोकांच्या भाषेला दार उघडलं ते तिच्यासारख्यांसाठीच होतं ना.

मी रविवारच्या नियमाच्या विरोधात नाही हे कृपा करून लक्षात घ्या, मला तो हवाच आहे, मी स्वतः एक रविवार चुकला तर आठवडाभर काहीतरी राहून गेल्यासारखी फिरते. कोविडमध्ये चर्च बंद होती तेव्हा आम्ही मोबाइलवर मिस्सा बघितली, ७ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली तेव्हा आई बाकावर बसून नुसती रडत होती. आजारी माणसाला मोबाइल आधार आहे, पण धडधाकट माणसानं अजूनही सोफ्यावरून मिस्सा बघत बसावं हे मला पटत नाही. एवढंच म्हणते की बंधन दोन्ही बाजूंनी असतं. कलम २१३ म्हणतं की देवाचं वचन आणि संस्कार धर्मगुरूंकडून मिळणं हा लोकांचा हक्क आहे. कलम ५३४ प्रमाणे पॅरिश प्रीस्टनं दर रविवारी एक मिस्सा खास आपल्या लोकांसाठी अर्पण करायचीच असते. फार जुनी एक गंमत सांगते, चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये एल्विराला धर्मसभा भरली होती, तिनं ठरवलं की लागोपाठ तीन रविवार जो चर्चला येणार नाही त्याला थोडे दिवस दूर ठेवा, पण त्यात लिहिलंय, जो शहरात राहतो तो. म्हणजे लांब राहणाऱ्याला येणं किती जड जातं याचा विचार तेव्हासुद्धा केलेला होता. माझ्या आईला चर्च सात मिनिटांवर आहे, भाषा मात्र फार लांब आहे.

आमच्याकडे मराठी मिस्सेला माणसं कमी येतात म्हणून ती महिन्यातून एकदा ठेवलीय असं मला सांगण्यात आलं. अहो महिन्यातून एकदा, दुपारी चारला, कुठल्या रविवारी ते नोटीस बोर्डावर इंग्रजीत, मग येणार कोण? सहा महिने दर रविवारी सकाळी नऊला ठेवून बघा आणि मग माणसं मोजा. कॉयरसाठी आम्ही चार जणी आहोत, वाचनं करायलाही तयार आहोत, हे मी लेखी दिलंय.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. शनिवारच्या अंकात कोपऱ्यात थोडी जागा द्या आणि मुंबईत त्या आठवड्यात मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता आहेत तेवढं छापा, शनिवार संध्याकाळच्या मिस्साही त्यात घ्या. वेळा गोळा करून दर बुधवारपर्यंत पाठवायचं काम मी करीन. अक्षरं जरा मोठी ठेवा, आई स्वतः वाचते.

आपली एक वाचक,
अंधेरी (पूर्व), मुंबई