पेटी कपाटात कुलूपबंद

महोदय,

‘कला मुळात अंगात असावी लागते, शिकवून येत नाही,’ असं परवा नातवाच्या शाळेतल्या पालकसभेत ऐकलं आणि राहवलं नाही. संगीताचा तास बंद केल्याचं हे समर्थन होतं.

पु. ल. देशपांड्यांचंच घ्या. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या एकाच चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन त्यांचं आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. देणगी उपजत होती, यात शंका नाही. त्याच घरात वाढलेली भावंडं काही पु. ल. झाली नाहीत. पण ते घर तरी कसं होतं! आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ‘ऋग्वेदी’, स्वतः लेखक. रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ त्यांनी अभंगांत आणली. घरात गाण्याची आवड. बाहेर पार्ल्याचं टिळक विद्यालय, लोकमान्य सेवा संघ, व्याख्यानं. आणि पेटीवर बोटं फिरली ती लहानपणीच. पेटीच समोर आली नसती, तर ती बोटं काय करणार होती?

माझा नातू जेवताना ताटाच्या कडेवर ठेका धरतो. वरण गार होतं, आई ओरडते, तरी त्याची मात्रा चुकत नाही. त्याच्या शाळेत एक पेटी आणि तबल्याची जोडी आहे. दोन वर्षांपासून कपाटात कुलूपबंद. तास नंतर सुरू करा, पण निदान मधल्या सुट्टीत ते कपाट उघडा, एवढीच कळकळीची विनंती.

– एक आजोबा, विलेपार्ले