पोस्टकार्डाची मागची बाजूही जपा

संपादक महोदय,

शहराचा बदलता इतिहास नोंदवण्यासाठी जुनी छायाचित्रे आणि पोस्टकार्डे जमवली जातात, ही समाधानाची बाब आहे. परंतु पुष्कळदा केवळ चित्राची बाजू स्कॅन होते आणि काळ ठरवण्यास उपयोगी पडणारी मागची बाजू वगळली जाते. ब्रिटनमध्ये १९०२पूर्वी मागे फक्त पत्ताच लिहिता येत असे, त्यामुळे मागे मजकूर आणि पत्ता यांच्यासाठी दोन भाग पाडलेले तेथील कार्ड त्याआधीचे नसावे, असा तर्क करता येतो. टपालाचा शिक्का मात्र कार्ड पाठवल्याचा दिवस सांगतो, चित्र टिपल्याचा नव्हे. रंगांवर तर मुळीच विसंबू नये, कारण कृष्णधवल छायाचित्रावर ते छापखान्यात, अनेकदा निव्वळ अंदाजाने, चढवले जात.

शिवाय पोस्टकार्डांवर भव्य इमारती आणि रेल्वेस्थानके भरपूर, साध्या गल्ल्या क्वचितच. पॅरिसमधील पाडकामापूर्वीच्या गल्ल्या १८६०च्या दशकात छायाचित्रकार शार्ल मारव्हिल यांनी टिपल्या, त्याही नगर प्रशासनाने काम सोपवले म्हणून. घरगुती अल्बममधील, मागे कोणीतरी पेन्सिलीने ठिकाण लिहून ठेवलेली छायाचित्रेही म्हणूनच संग्रहालयांनी स्वीकारावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक