हात धुऊन आलात, त्याबद्दल

मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

निघताना मी तुमचं नाव विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "नाव कशाला, मिस्त्री म्हटलं तरी चालतंय." म्हणून या पत्रातही मिस्त्रीमामाच. पाटण सोडून कोयनानगरकडे निघालं की डाव्या हाताला तुमची पत्र्याची शेड लागते. त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना एवढी खूण पुरेल.

आठ दिवस लिहीन लिहीन म्हणतेय. आज शाळेला सुट्टी आहे, आईचा डोळा लागलाय, बाहेर पाऊस आहे, म्हणून बसले. पत्र तुम्हालाच आहे, पण चार लोकांनी वाचावं असं वाटतं म्हणून उघड लिहितेय.

तुम्हाला मी त्या दिवशी सगळं सांगितलं नव्हतं. सांगायचं त्राणच नव्हतं. दर एकवीस दिवसांनी मी आईला चिपळूणहून कराडला केमोसाठी नेते. कुंभार्ली घाट चढायचा, हेळवाक, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ करत कराड गाठायचं आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. जाताना आई गप्पा मारते. येताना ती मागच्या सीटवर आडवी असते आणि मी आरशातून सारखी तिच्याकडे बघत असते. एसटीनं तिला नेणं शक्य नाही. गाडी बाबांची, अकरा वर्षांची. बाबा गेल्यावर ती विकायचा विषय निघाला होता, आईनं विकू दिली नाही. आता तीच गाडी तिला नेते-आणते.

मे महिन्यात पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला पहिल्यांदा काळं दिसलं. काळं, जाड, डांबरासारखं. तेव्हापासून चार महिन्यांत तीन ठिकाणं झाली. पहिल्यानं उभ्या उभ्या सांगितलं, शॉकअप फुटलाय. दोन्ही बाजूंचे बदलले. पंधरा दिवसांत काळं पुन्हा हजर. दुसऱ्यानं गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलंय म्हणून तेही बदललं. काळं तिथंच. तिसरं मोठं सर्व्हिस सेंटर. थंडगार एसी, मशिनची कॉफी, आणि हातात कॉम्प्युटरनं काढलेला कागद: दोन्ही बाजूंचे एक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, पूर्ण बदलायचे, सत्तावीस हजार. मी म्हटलं, नेमकं कुठून गळतंय ते मला एकदा दाखवा. तर कस्टमरला आत सोडत नाहीत. म्हटलं, फोटो तरी काढून आणा. तो पोरगा कागदाकडे बघतच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला त्यातलं नाही कळायचं. घाटात जात असाल तर रिस्क तुमची."

मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, मामा. गेली एकोणीस वर्षं. पोरांना मी एवढंच सांगत आले की कळत नसेल तर विचारा आणि दाखवायला सांगा. आणि मी स्वतः मात्र "तुम्हाला नाही कळायचं" हे ऐकून मान खाली घालून बाहेर आले. सत्तावीस हजार नव्हते म्हणून काम केलं नाही, एवढंच. त्याच महिन्यात आईचा स्कॅन होता. पुढचे तीन आठवडे मी घाटात प्रत्येक वळणाला चाक निखळतंय अशा धास्तीनं गाडी चालवली आणि आईला त्यातलं काही कळू दिलं नाही.

मग तो श्रावणातला दिवस. केमो संपवून परत निघालो होतो. पाटण मागं पडलं आणि जळका वास यायला लागला. पुढं घाट, त्यात धुकं, अंधार पडायला दोन-अडीच तास. तुमच्या शेडपुढं गाडी लावली तेव्हा माझे पाय कापत होते. तुम्ही एका जीपखाली होतात. बाहेर आलात, कोपरापर्यंत हात काळे. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. तुम्ही वाकून चाकामागं बघितलंत आणि म्हणालात, "गाडी उचलाय लागंल ताई. मावशींना उतरवूया."

आईला स्वतःहून उतरता येत नव्हतं. तुम्ही दाराकडे दोन पावलं आलात. काचेतून आत बघितलंत. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, मांडीवर दवाखान्याची फाइल. मग स्वतःच्या हातांकडे बघितलंत आणि थांबलात.

"एक मिनिट हां," म्हणालात, आणि मागं पिंपाकडे गेलात.

ते एक मिनिट नव्हतं. आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसलंत. मग कपडे धुवायची पावडर आणि मूठभर भुसा घेऊन हात कोपरापासून घासायला लागलात. पाणी घेतलंत, पुन्हा पावडर घेतलीत. खिळ्याला अडकवलेला जुना दात घासायचा ब्रश काढून नखं घासलीत, एकेक. मी पावसात दाराशी उभी होते आणि खरं सांगते, मला राग येत होता. इथं आमचा जीव टांगणीला लागलाय आणि हा माणूस नखं घासतोय, असं मनात आलं. त्याबद्दल माफी मागते.

मग आतून धुतलेला टॉवेल आणलात, हात कोरडे केलेत, दार उघडलंत आणि दोन्ही हात पुढं करून म्हणालात, "धरा मावशी. सावकाश."

आईच्या पांढऱ्या पेशी त्या वेळी फार कमी असत. संसर्गापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आजार कसला, किती दिवस झाले, यातलं तुम्ही काही म्हणजे काही विचारलं नाहीत. ओसरीवर खुर्ची टाकलीत, पाठीला उशी दिलीत, घरात हाक मारून गरम पाणी मागवलंत. आणि मग पुन्हा जाऊन ते धुतलेले हात काळे करून घेतलेत.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते आधीच्या तिघांपैकी एकानंही केलं नव्हतं. तुम्ही मला बोलावलंत. आधी शेडपुढच्या मोकळ्या जागेत स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून गाडी हळूहळू गोल फिरवलीत, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. काच खाली, कान बाहेर. "कट-कट-कट असा आवाज येतोय का बघा. येत न्हाई. म्हंजे जॉइंट अजून जित्ता हाय." मग जॅक लावून चाक काढलंत, पोत्यावर बसलात आणि मला शेजारी बसवून बॅटरी माझ्या हातात दिलीत. एक्सलच्या टोकाला सांध्यावर चढवलेलं काळं रबर होतं, पेटीच्या भात्यासारखं, घड्याघड्यांचं. त्यालाच बूट म्हणतात. सरळ असताना अगदी धडधाकट दिसत होतं. "आता बघा," म्हणून तुम्ही तो सांधा पूर्ण वळवलात, आणि दोन घड्यांच्या बेचक्यातली चीर ओठासारखी उघडली. आत काळं चकाकलं.

चार महिने, तीन ठिकाणं, हजारो रुपये. आणि चाक वळवून बघायला एकालाही सवड झाली नव्हती.

चाकाबरोबर एक्सल फिरतो, त्या चिरेतून ग्रीस भिरभिरत बाहेर उडतं आणि रिमच्या आत, शॉकअपवर, जिथं पोचेल तिथं बसतं, हे तुम्ही बोटानं गोल काढून दाखवलंत. शॉकअपवर काळं दिसलं म्हणून पहिल्यानं शॉकअप बदलला होता! जळका वास त्यातलंच तापलेल्या भागावर पडल्याचा. "ह्ये त्याल न्हाई ताई, गिरीस हाय. त्याल पातळ, थेंब थेंब गळतंय. गिअरचं त्याल आसंल तर वासच येगळा, उग्र. बोट लावा, घाबरू नका."

मी बोट लावलं.

"आता दोन बोटांत चोळा. कचकच लागती का?"

नाही लागली. लोण्यासारखं मऊ होतं. तुमचा चेहरा तेव्हा उजळला. चिरेतून पाणी आणि वाळू आत गेली असती तर सांधा आतून खरवडला गेला असता आणि तो बदलावाच लागला असता. "वाळू न्हाई. वाचला." एवढंच म्हणालात. मला मात्र तिथल्या तिथं रडू आलं, आणि तुम्ही जीपचा पाना शोधायला म्हणून उठून गेलात. पाना तुमच्या पायाशीच होता.

पुढचं काम मी सांगत बसत नाही, मला ते नीट सांगताही येणार नाही. तुमच्या मुलानं भर पावसात मोटरसायकलवरून पाटणहून बूट किट आणलं. मी विचारलं होतं, मधून कापलेला बूट मिळतो म्हणे, एक्सल न काढता बसवायचा, तोच घालूया का, उशीर होतोय. तुम्ही मान हलवलीत. "घाटातली गाडी हाय. आत मावशी बसत्यात." एक मात्र सांगते. सांधा उघडून, धुऊन, तुम्ही आतले गोळे काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेत. सहा. पोलादाचे, मोठ्या बोरांएवढे, स्वच्छ पुसल्यावर त्यात शेडचा बल्ब दिसत होता. प्रत्येक गोळा बॅटरीखाली फिरवून बघितलात, ते ज्या खाचांत पळतात त्या खाचांवरून नख ओढून बघितलंत. ओसरीवरून आई वाकून बघत होती. "किती आहेत रे दादा?" तिनं विचारलं. केमोच्या दिवशी संध्याकाळी ती आपणहून बोलली असं कधी होत नाही.

घरी आल्यावर मी त्या सांध्याबद्दल, सीव्ही जॉइंट म्हणतात त्याला, वाचून काढलं. 1920 च्या दशकात रझेप्पा नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं सहा गोळ्यांची ही रचना काढली. 1959 साली ब्रिटनमध्ये मिनी गाडी आली, तिच्यात हे सांधे होते, आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी छोटी गाडी सामान्य माणसाच्या दारात पोचली. चाक वळलेलं असो वा खड्ड्यात उतरलेलं, फिरणं एकसारखं राहतं ते या गोळ्यांमुळं. ग्रीस काळं असतं ते त्यातल्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडमुळं. गोळ्यांवर प्रचंड दाब येतो, तिथं साधं पिवळं ग्रीस टिकत नाही. हे मी आठवीच्या वर्गात सांगितलं. फाटका बूट तुम्ही पिशवीत घालून दिला होतात ना, "पुढं कोन काय म्हनलं तर दाखवा" म्हणून, तो वर्गात फिरवला. पोरांनी वाकवून वाकवून ती चीर शोधली. सरळ धरला तर एकालाही सापडली नाही.

तुम्ही बिल सांगितलंत एक हजार दोनशे. किट, नवा नट, मजुरी सगळं धरून. मी दोन हजार पुढं केले तर आठशे मोजून परत दिलेत. अडलेला माणूस दिसला की वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारे मी या चार महिन्यांत पाहिले, मामा. त्यांना मी दिलेल्या पैशांची बोच आता उरलेली नाही. बोच आहे ती त्यांनी बघायला दिलं नाही याची. रोग्याचे नातेवाईक झाल्यापासून मी हे सगळीकडे बघतेय. काउंटरवर, खिडकीवर, फोनवर. कागद पुढं सरकतो, माणूस वर बघत नाही. आणि मग कधीतरी एखादी नर्स आईची शीर सापडेपर्यंत तिचा हात आपल्या हातात धरून ऊब देते, एखादा रिक्षावाला खड्डा चुकवायला वाट वाकडी करून नेतो. अशी माणसं आहेत म्हणून आम्ही सहा केमोंपैकी पाच पार केल्या. औषधाचं श्रेय औषधाला आहेच. पण एकवीस दिवसांनी पुन्हा गाडीत बसायची हिंमत आईला औषधानं दिलेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या रात्री घरी पोचल्यावर मी हात धुवायला गेले. माझ्या एका बोटाला, फक्त एका बोटाला, तुमच्या त्या ग्रीसचा डाग होता. साबण लावला. भांड्याचा साबण लावला. खोबरेल तेल चोळलं, परत साबण. नखाच्या कडेची काळी रेघ तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी वर्गात खडू धरला तेव्हाही ती दिसत होती. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तुमचे ते दोन्ही हात आले, कोपरापर्यंत काळे, आणि खिळ्यावरचा तो ब्रश. तुम्हाला ठाऊक होतं की पाचच मिनिटांत ते पुन्हा तसेच होणार आहेत. तरी तुम्ही दहाही नखं घासलीत, माझ्या आईला हात द्यायचा म्हणून.

आईला हे मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं त्याचे हात मुळातच तेवढे स्वच्छ आहेत."

येत्या शनिवारी शेवटची केमो. आईनं तुमच्यासाठी कुळथाचं पीठ दळून आणायला लावलंय आणि आमसुलं पुडीत बांधून ठेवलीत. दुपारी चार-साडेचारला परत येताना थांबू. महिन्यानं एकदा दाखवून जा म्हणाला होतात, बुटाच्या पट्ट्या घट्ट आहेत का बघतो म्हणून. तुमच्या शेडपुढं मी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवीन, तुम्ही फक्त कान देऊन ऐका. हात काळे असतील तर असू द्या. आई आता स्वतःहून उतरते.

तुमची,
चिपळूणची ताई