अर्नी बार्न्सवर पण लिहा की

मा. संपादक, स. न.

खेळाडू रिटायर झाला की आपल्याकडे तो कॉमेंट्री नाहीतर जाहिरातीतच दिसतो, म्हणून अमेरिकेच्या अर्नी बार्न्सवर एकदा मोठा लेख छापाच. प्रो अमेरिकन फुटबॉल (आपला पायाने खेळायचा नव्हे) खेळणारा हा माणूस खेळाच्या मधेच स्केचेस काढायचा, त्यासाठी दंडपण भरलाय, १९६५ च्या सुमारास खेळ सोडून पूर्णवेळ पेंटर झाला आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा अधिकृत आर्टिस्ट. त्याच्या चित्रातली ती ताणलेली लांबलचक शरीरं स्वतः मैदानात रगडून घेतलेल्यालाच सुचतील असं मला मनापासून वाटतं. वडील आजारी पडले तेव्हा घराचं कुंपण मोडकळीला आलं होतं, त्यांच्या आठवणीत तो तसल्याच जुनाट लाकडाच्या फ्रेम चित्रांना लावायचा!! फोटो मात्र रंगीतच छापा.

— एक वाचक, सोलापूर