पाच पिशव्या आणि सात मिनिटे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीत तुम्ही आठ दिवस पुण्याला राहून गेलात. भाऊबीजेच्या रात्री बाबा पाणी प्यायला उठले, तेव्हा बैठकीत दिवा चालू होता, माझ्या मांडीवर काळे कापड होते आणि समोर टीव्हीवर लहान मुलांचे कार्टून लागले होते. बाबांनी विचारले, "नात तर केव्हाच झोपली, मग हे कोणासाठी चालू आहे?" मी "असेच" म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी कपाटातून चादर काढताना बाबांना माझ्या भरतकामाच्या आणि विणकामाच्या पाच पिशव्या दिसल्या आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "यातले एकही पुरे का होत नाही?" दोन्ही प्रश्न काळजीपोटी विचारलेले होते, आणि मी दोन्हींना नीट उत्तर दिले नाही याची मला तेव्हापासून रुखरुख लागून राहिली आहे. फोनवर आपले बोलणे औषधे आणि पाऊसपाणी यांपलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

बाबा, हातातले काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही तुम्ही आम्हाला लावलेली शिस्त. शाळेत तुम्ही ती पस्तीस वर्षे पाळून घेतली आणि कचेरीच्या कामात मी ती आजही पाळतो. परंतु सुईचे काम त्या शिस्तीत बसत नाही, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. लेखापरीक्षणाचा दिवस संपवून मी घरी येतो तेव्हा कधी डोळे थकलेले असतात आणि हात मोकळे असतात, कधी हात जड झालेले असतात आणि डोके मात्र लख्ख जागे असते. या दोन संध्याकाळींना एकच काम कसे चालेल? म्हणून पिशव्या पाच आहेत. बाबांसाठी सुरू केलेला लोकरीचा मफलर एका पिशवीत आहे. त्यात सगळे सुलट टाके आहेत, त्यामुळे डोळे मिटूनही विणता येतो आणि कंपनीच्या बसमध्ये तोच माझ्यासोबत असतो. दुसऱ्या पिशवीत घरातली डागडुजी असते, म्हणजे तुटलेली बटणे, उसवलेल्या शिवणी आणि तुमच्या नातीच्या दप्तराचा बंद. ती पिशवी कधीच रिकामी होणार नाही आणि तिने व्हावे अशी अपेक्षाही नाही. तिसऱ्या पिशवीत क्रोशाचे तोरण होते, त्याविषयी पुढे लिहितो. चौथीत आजीच्या लुगड्याची गोधडी आणि पाचवीत कासुतीचे भरतकाम.

कासुतीबद्दल आईला मी काय सांगावे? धारवाडच्या माहेराहून ती हे टाके घेऊन आली आणि सहावीत कावीळ झाली तेव्हा तीन आठवडे मला अंथरुणात बसवून ठेवण्यासाठी तिने माझ्या हातात सुई दिली. तेव्हा शिकलेले हात विसरले नव्हते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. पण बाबांनी हे काम कधी जवळून पाहिलेले नाही, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. कासुतीला कापडावर पेन्सिलीची रेघसुद्धा चालत नाही. कापडाच्या विणीतले धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, हत्ती उभे करायचे. गवंतीच्या टाक्यात सुई जाताना एक घर भरते, एक घर सोडते, आणि परत येताना सोडलेली घरे भरत येते. त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच दिसते आणि कुठेही गाठ मारता येत नाही. मुरगीच्या टाक्यात हीच चाल पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते. नेगीत विणल्यासारखे लांब टाके येतात आणि मेंथीत मेथीच्या दाण्यांसारखे भरीव, फुलीचे. जाताना एका धाग्याची चूक झाली तर ती त्या वेळी दिसत नाही. ती परतीच्या वाटेवर, सुई ठरलेल्या भोकात उतरत नाही तेव्हा कळते.

माझी अशी चूक गेल्या श्रावणात झाली. कुडत्याच्या पट्टीवर गोपुर भरत होतो आणि समोर 'शॉन द शीप' ही मेंढरांची मालिका लावली होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या आर्डमन स्टुडिओने २००७ साली ती सुरू केली आणि तिच्यात एकही संवाद नाही. प्राणी नुसते हुंकार देतात, त्यामुळे सगळी गोष्ट डोळ्यांनीच पाहावी लागते. मी मान वर करायचो, हसायचो, मान खाली घालायचो आणि मनातल्या मनात मोजणी पुढे न्यायचो. चार संध्याकाळी असे काम केल्यावर परतीच्या फेरीत डावीकडचा कळस दोन धाग्यांनी सरकलेला निघाला. काळ्या कापडावरचा पांढरा दोरा सुईच्या मागच्या टोकाने एकेक टाका उचलून काढायला मला पुढच्या तीन संध्याकाळी लागल्या, आणि कापडावर भोकांची जी पुसट रांग उरली ती दोन वेळा धुतल्यावर बसली.

त्या दिवसापासून मी कामाला कार्टून जुळवून घेऊ लागलो. मफलर विणताना मेंढरे पाहायची, कारण तिथे हातांना डोळ्यांची गरज नसते. कासुतीला मात्र बोलकी, कानांनी कळणारी गोष्ट हवी. त्यासाठी 'ब्लूई' ही मालिका मला फार मानवली आहे. ती ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार होते आणि २०१८ साली सुरू झाली. कुत्र्यांचे एक कुटुंब, दोन लहान मुली, आई आणि बाबा, आणि सात मिनिटांचा एक भाग. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत घेतलेला दोरा मला दोन भागांना पुरतो. दोरा संपला की उठायचे, खिडकीशी जाऊन लांब पाहायचे, डोळ्यांना पाणी लावायचे आणि मग नवा दोरा ओवायचा. बाबा, तुम्हाला त्या रात्री जो उजेड दिसला तो अशा चौथ्या भागाचा होता आणि त्यानंतर मी झोपलो.

आता "कोणासाठी" या प्रश्नाकडे येतो. माझ्यासाठी, हे त्याचे सरळ उत्तर आहे, आणि त्या रात्री तेच द्यायला हवे होते. सगळीच कार्टूने मला आवडतात असे नाही. नुसती आरडाओरड, आपटाआपटी आणि भडक रंग असलेली पुष्कळ असतात आणि ती मी दोन मिनिटांत बंद करतो. पण काही कार्टूने फार हाताळून, फार मन लावून केलेली असतात आणि सुईचे काम करणाऱ्या माणसाला ते लगेच ओळखू येते. ती मेंढरे म्हणजे हाताने घडवलेल्या छोट्या बाहुल्या असतात. बाहुली जराशी हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा जराशी हलवायची. एका सेकंदाला पंचवीस चित्रे लागतात, म्हणजे सात मिनिटांना दहा हजारांहून अधिक. पुष्कळदा एकाच ठेवणीची दोन चित्रे वापरतात असे धरले, तरी बाहुलीला हजारो वेळा हात लावावाच लागतो. अख्ख्या दिवसात काही सेकंदांचे काम होते. माझ्या गोपुरातले टाके मोजताना मला त्या माणसांची आठवण येते आणि आपण एकाच जातीचे काम करतो आहोत असे वाटते.

बाबा, तुम्हाला आठवत असेल, 'एक अनेक और एकता' हे छोटे कार्टून दूरदर्शनवर लागायचे तेव्हा तुम्ही वर्गातल्या मुलांना मुद्दाम आपल्या घरी बोलावून पडवीत बसवत असा. पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडून देतात, ती गोष्ट. विजया मुळे यांनी ते १९७४ साली केले आणि भीमसेन यांनी त्यातली चित्रे हलती केली. विजयाताईंचा जन्म १९२१ चा, म्हणजे तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. मुलांसाठीचे काम हे मोठ्या माणसांनी पूर्ण गांभीर्याने करायचे काम आहे, हे मी तुमच्या पडवीतच शिकलो. तुम्ही स्वतः तेव्हा मुलांच्या मागे खुर्ची टाकून ते दर वेळी पाहत होता, हेही मी विसरलेलो नाही.

आईला एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती ऐकून तिला नक्की आनंद होईल. चेकोस्लोव्हाकियातल्या झ्डेनेक मिलर या चित्रकाराने १९५७ साली एका चिचुंद्रीसारख्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याचे पहिले कार्टून केले. त्याला खिसे असलेली विजार हवी असते आणि ती कशी मिळवायची हे त्याला शेतातले एक रोपटेच सांगते. ते रोपटे जवसाचेच, ज्याच्या बियांची तू चटणी करतेस! त्याच्या देठांपासून लिननचे सूत निघते, हे मला ते पाहीपर्यंत नीट उमगले नव्हते. करकोचा चोचीने वाळलेले देठ मोडून देतो, साळिंदरासारखा एक काटेरी प्राणी पाठीच्या काट्यांनी तंतू विंचरतो, कोळी सूत काततात, मुंग्या कापड विणतात, खेकड्यासारखा प्राणी नांगीने बेतून कापतो आणि एक पक्षी शिवून देतो. पेरण्यापासून शिवण्यापर्यंतचा अख्खा धंदा त्या छोट्या जनावराच्या हट्टापायी डोळ्यांसमोरून जातो, आणि एकही पायरी गाळलेली नाही. मी ते पाहिले त्या रात्री कासुतीचे कापड हातात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो. ज्या धाग्यांची मी मोजणी करतो, त्यांच्यामागे असे किती हात असतील याचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

आणि 'ब्लूई'चा एक भाग असा आहे की त्याविषयी लिहिताना मला अजूनही जड जाते. ब्लूईची आई मुलींना घेऊन आपल्या वडिलांना भेटायला जाते. डॉक्टरांनी त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलेले असते आणि ते काही घरात बसत नाहीत; नातींना घेऊन रानात पळून जातात आणि मुलगी त्यांना शोधत फिरते. गेल्या वर्षी बाबांना स्टेंट बसवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी गडहिंग्लजला आलो, तेव्हा तुम्ही अंथरुणावर नव्हता, मळ्यातल्या विहिरीवर मोटार सुरू करायला गेला होता. मी बांधावरून चालत आलो आणि तुमच्यावर रागावलो. त्या भागात शेवटी बापलेक पाण्याच्या काठाशी नुसते बसतात आणि लेकीला ती लहान होती तेव्हाचा तोच काठ आठवतो, कालच्यासारखा. मी विहिरीवर तसा बसलो नाही. तुम्हाला हाताला धरून घरी आणले आणि रात्रीच्या गाडीने परतलो. सात मिनिटांच्या मुलांच्या गोष्टीने मला हे दाखवले, म्हणून मी ती दोनदा पाहिली. त्या रागावण्याबद्दल मला क्षमा करा.

आता तोरणाचे. ते तीन वर्षांपूर्वी नव्या घरासाठी घेतले होते आणि मला ते कधीच मनापासून आवडले नाही. बाबांच्या प्रश्नानंतर मी ते बाहेर काढले, दोऱ्याचे टोक मोकळे केले आणि सगळे उसवले. क्रोशाचे काम एका ओढीने सरसर सुटत जाते. शेवटी दोन गुंड्या दोरा हाती आला आणि तो मी डागडुजीच्या पिशवीत ठेवला आहे. पिशव्या आता चार आहेत.

गोधडी मात्र सोडणार नाही. आईने ती मोतीबिंदूपूर्वी सुरू केली होती आणि कडेच्या तीन रांगा तिच्या हातच्या आहेत. आजीसारखे कडेकडेने आत आत जायचे, हे मी तसेच ठेवले आहे. तुझा धावदोरा माझ्याहून बारीक आहे, आई. चौथ्या रांगेपासून टाका मोठा झालेला कुणालाही दिसेल. तो मुद्दाम लहान करायचा मी प्रयत्न केला, पण हात अवघडला, म्हणून मग माझाच टाका चालू दिला. रविवारी सकाळी जमिनीवर पसरून काम करतो तेव्हा नात कधीकधी शेजारी येऊन बसते आणि तिला नको असलेली कार्टूनेही माझ्याबरोबर पाहते.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी येतो आहे आणि सोमवारपर्यंत राहणार आहे. गोधडी बरोबर आणीन. आतल्या थरासाठी बाबांची जुनी धोतरे लागतील. ती टाकून दिली नसतील तर धुऊन ठेवावीत, खळ घालू नये. कासुतीची पट्टीही आणतो. मुरगीची पायरी वळते त्या कोपऱ्यावर सुई वरून काढायची की खालून, हे फोनवर तू दोनदा सांगितलेस तरी मला समजलेले नाही. तुझ्या बोटांनी एकदा करून दाखव. दोरा मी ओवून देईन.

तुमचा मुलगा

ता. क. बाबा, मफलर सध्या पाच फूट झाला आहे. गळ्याला दोन वेढे बसून दोन्ही टोके छातीपर्यंत यायला हवी असतील, तर सुतळी गुंडाळून मोजून तेवढा आकडा फोनवर कळवा.